‘करदाता’ : एका शब्दाची झडती

मी मराठीचा प्राध्यापक. अर्थशास्त्र हा माझा प्रांत नव्हे. तरी अर्थकारणावर लिहिण्याचे धाडस मी करतो आहे, कारण माझी तक्रार एका शब्दाबद्दल आहे, आणि शब्दाची झडती घेणे हा तर माझा पेशाच आहे. तो शब्द म्हणजे ‘करदाता’.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. प्राध्यापक-कक्षात शिष्यवृत्तीच्या अर्जांचा गठ्ठा माझ्यापुढे पडला होता. वर्ष सरत आले तरी पैसे आले नव्हते आणि मुले रोज खेटे घालीत होती. शेजारी बसलेले सहकारी, माणूस तसा सज्जन, हसत हसत म्हणाले, “सर, शेवटी पैसा आम्हा करदात्यांचाच ना? दोन महिने उशीर झाला तर बिघडले कोठे?” मी काही बोललो नाही. खरे म्हणजे मला बोलता आले नाही. आम्ही दोघे एकाच वेतनश्रेणीत होतो, प्राप्तिकर दोघांच्याही पगारातून सारखाच कापला जात होता. तरी त्यांच्या त्या ‘आम्हा’मध्ये मी नव्हतो, हे त्यांना माहीत होते आणि मलाही.

त्या दिवशी न दिलेले उत्तर मी आज देणार आहे. ते एकट्या त्या गृहस्थांसाठी नाही. दर फेब्रुवारीत अर्थसंकल्प येतो आणि आमची मराठी वृत्तपत्रे ‘काय स्वस्त, काय महाग’ची चौकट छापून ‘करदात्यांना दिलासा’ मिळाला की नाही याचा हिशेब मांडतात. या लेखनात करदाता म्हणजे कोण, हे ठरलेले असते. तो पगारदार असतो, व्यापारी असतो, कारखानदार असतो. बाकीचे सारे ‘लाभार्थी’. एक देणारा आणि एक घेणारा अशी ही विभागणी आहे. दाता आणि याचक यांची ही मांडणी आपल्याला नवी नाही. वर्णव्यवस्थेनेही श्रम करणाऱ्यालाच याचक ठरविले होते.

(1)

प्रथम इतिहास पाहू. गावात वसूल झालेला सारा तालुक्याच्या कचेरीत पोचविण्याचे काम कोणाचे होते? महाराचे. सरकारी रकमेची थैली घेऊन तो मैलोगणती चालला, वाटेत तिचा राखणदार झाला. त्याच्या हाताने पैशाला विटाळ होत नव्हता. पण खजिन्यापर्यंत पैसा नेणारा हा माणूस खजिन्याच्या हिशेबात मोजला गेला तो केवळ चाकर म्हणून. त्याच्या रात्रंदिवसाच्या श्रमाची किंमत कोणत्याही वहीत चढली नाही, आणि वर वतनी जमिनीवर त्याच्याकडून जुडी घेतली गेली. म्हणजे त्याने श्रमाने कर भरला आणि पैशानेही भरला. याच जुडीच्या वाढीविरुद्ध डिसेंबर 1939 मध्ये हरेगावला परिषद भरली आणि बाबासाहेब तिचे अध्यक्ष होते. पुढे 1958 च्या कायद्याने ही वतने खालसा झाली.

‘आमच्या पैशावर तुम्ही शिकता’ हा टोमणा वस्तुस्थितीच्या नेमका उलट आहे, हे जोतीरावांनी 1882 मध्येच सांगून ठेवले होते. हंटर कमिशनपुढच्या निवेदनात त्यांचे म्हणणे असे की, सरकारच्या उत्पन्नाचा मोठा भाग रयतेच्या घामातून येतो, वरच्या व श्रीमंत वर्गांचा त्यात वाटा नाममात्र असतो, आणि तरी शिक्षणावरचा खर्च मात्र त्या वरच्यांच्याच पदरात पडतो. पुढच्याच वर्षी त्यांनी ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहून पुरा केला. त्यात करांचा आणि फंडांचा जो पाढा आहे तो आम्ही परीक्षेपुरता वाचतो. तो अर्थसंकल्पाची समीक्षा म्हणून वाचायला हवा.

बाबासाहेबांचे तर शिक्षणच या विषयातले. 1915 चा कोलंबियातला प्रबंध ईस्ट इंडिया कंपनीच्या कारभारावर आणि अर्थव्यवस्थेवर. 1925 मध्ये प्रसिद्ध झालेला ग्रंथ ब्रिटिश हिंदुस्थानातील प्रांतिक अर्थव्यवस्थेच्या विकासावर. त्याला प्रस्तावना त्यांचे गुरू सेलिग्मन यांची. कर बसतो एकावर आणि त्याचा भार सरकत सरकत पडतो दुसऱ्यावर, या प्रश्नाचा सेलिग्मन यांनी आयुष्यभर अभ्यास केला होता. हा शिष्य फेब्रुवारी 1927 मध्ये मुंबईच्या विधिमंडळात अर्थसंकल्पावर बोलायला उभा राहिला, तेव्हा त्याने साधा प्रश्न विचारला. दोन हजारांच्या आत उत्पन्न असलेल्याला प्राप्तिकर माफ आहे. मग जमीन कितीही थोडी असो, पीक येवो न येवो, शेतसारा मात्र प्रत्येक शेतकऱ्याकडून का घ्यावा? कर ज्याच्या त्याच्या ऐपतीप्रमाणे असावा, हा त्याचा मथितार्थ. या भाषणाला महिनाही उलटला नव्हता तोच महाडला चवदार तळ्याचा सत्याग्रह झाला. आमच्या स्मरणात महाड राहिले आणि अर्थसंकल्पावरचे भाषण गेले. पाण्यावरचा हक्क आणि तिजोरीवरचा हक्क हे एकाच माणसाने एकाच महिन्यात उचललेले दोन प्रश्न होते, हे आम्ही विसरलो.

(2)

आता आजच्याकडे येऊ. शेतसाऱ्याची ती जागा आज कोणी घेतली आहे? माझे उत्तर, वस्तूंवरच्या कराने. जुलै 2017 पासून देशभर वस्तू व सेवा कर, म्हणजे जीएसटी, सुरू झाला. हा कर माणसाचे उत्पन्न विचारीत नाही. हजार रुपयांच्या आतल्या पादत्राणांवर 5 टक्के कर होता, तो 1 जानेवारी 2022 रोजी 12 टक्के झाला. सप्टेंबर 2025 मध्ये तो पुन्हा 5 टक्क्यांवर आणला गेला. अंगाला लावायच्या साबणावर आठ वर्षे 18 टक्के कर होता, तोही त्याच वेळी 5 टक्के झाला. कपात झाली ही चांगलीच गोष्ट. पण ही वर्षे सफाई कामगार बाईने साबण घेताना आणि बिगाऱ्याने चप्पल घेताना तिजोरीत जे टाकले, त्याची पावती तिला वा त्याला कोणी दिली नाही. त्यांचे नाव करदात्यांच्या यादीत चढले नाही. दुकानदाराने तो भरला म्हणून दुकानदार करदाता ठरला!

याच्या शेजारी कंपन्यांवरचा कर ठेवून पाहावा. कंपनीला कर असतो तो नफ्यावर. नफा नसेल तर कर नाही, आणि मागच्या वर्षीचा तोटा पुढच्या वर्षीच्या नफ्यातून वजाही करता येतो. हे न्यायाला धरूनच आहे. पण झोपडीतल्या संसाराचा हिशेब दरमहा तोट्यातच असतो, तरी साबणावरचा कर चुकत नाही आणि मागचा तोटाही वजा होत नाही. दोन हिशेब आणि दोन न्याय!

20 सप्टेंबर 2019 रोजी पणजी येथे अर्थमंत्री निर्मला सीतारामन यांनी कंपनीकरातली मोठी कपात जाहीर केली. ज्या कंपन्या इतर सवलती सोडतील त्यांना 30 टक्क्यांऐवजी 22 टक्के दर, आणि नव्याने उत्पादन सुरू करणाऱ्या कंपन्यांना 15 टक्के. अधिभार व उपकर धरता बड्या कंपन्यांचा जवळपास 35 टक्क्यांचा दर सव्वापंचवीस टक्क्यांच्या आसपास आला. चारशे कोटींपर्यंत उलाढाल असलेल्या कंपन्यांना त्याआधीच 25 टक्के दर मिळालेला होता. तेव्हा या कपातीचा खरा मोठा घास कोणाच्या पानात पडला, हे वेगळे सांगायला नको. सरकारनेच सांगितलेली याची किंमत वर्षाला 1 लाख 45 हजार कोटी रुपये. ज्या पणजीत ही घोषणा झाली तेथेच त्या दिवशी जीएसटी परिषदेची बैठक होती. कंपनीचा कर आणि साबणाचा कर एकाच गावी एकाच दिवशी मुक्कामाला होते. सूट मात्र वेगवेगळ्या मापाने मोजली गेली.

आमचे काही तरुण म्हणतात, आता आमच्यातही उद्योजक आहेत, कपातीचा लाभ त्यांनाही होईल. मी त्यांच्या उमेदीचा आदर करतो. पण हा 22 टक्क्यांचा दर फक्त कंपनीला आहे. दोन भावांनी भागीदारीत टाकलेल्या वर्कशॉपला आजही 30 टक्केच दर आहे.

(3)

कपातीच्या बाजूने जे सांगितले जाते ते नीट ऐकून घेतले पाहिजे. शिव्या देऊन युक्तिवाद हरत नाही. पहिले म्हणणे असे की, कर कमी झाला की कंपनीकडे पैसा उरतो, त्यातून कारखाने निघतात, कारखान्यांतून नोकऱ्या निघतात. दुसरे असे की, शेजारचे देश दर उतरवीत असताना आपण चढा ठेवला तर भांडवल निघून जाईल.

पहिल्याची परीक्षा झालेली आहे. रिझर्व्ह बँकेच्या 2019-20 च्या वार्षिक अहवालातच नोंद आहे की, या कपातीचा पैसा कर्जफेडीत आणि रोख शिल्लक वाढविण्यात गेला. त्यातून नव्या भांडवली गुंतवणुकीचे चक्र फिरले नाही. यात आश्चर्य नाही. 2019 साली देशात मंदी होती, माल खपत नव्हता. गोदामात जुना माल पडून असताना नवी शेड कोण उभारील? कारखाना उभा राहतो तो गिऱ्हाईक दिसले तर. आणि गिऱ्हाईक कोण? ज्याच्या हातात आलेला रुपया त्याच दिवशी वाण्याकडे जातो, तो. मजुराचा रुपया गावात फिरतो; धनिकाचा रुपया जमिनीत, सोन्यात, शेअरमध्ये जाऊन बसतो. म्हणून विषमता हा नुसता नीतीचा प्रश्न नाही. वरच्या मूठभरांकडे पैसा साचत गेला की खालची खरेदी आटते आणि शेवटी कारखानदारीचाच पाया खचतो.

2024-25 च्या सरकारी आर्थिक पाहणीत आणखी स्पष्ट सांगितले आहे. 2023-24 या वर्षात बड्या कंपन्यांचा नफा 22.3 टक्क्यांनी वाढला, रोजगार वाढला दीड टक्क्याने. ही माहिती विरोधकांची नाही, सरकारच्याच पुस्तकातली आहे.

दुसऱ्या म्हणण्यात तथ्य आहे, पण त्याचा निष्कर्ष चुकीचा आहे. अमेरिकेने 2017 च्या कायद्याने आपला दर 35 वरून 21 वर आणला, इतर देशही उतरत गेले. ही उतरंड थांबावी म्हणून 2021 मध्ये 130 हून अधिक देशांनी 15 टक्क्यांची किमान मर्यादा तत्त्वतः मान्य केली. 2025 मध्ये अमेरिकेने त्यातून अंग काढून घेतले. म्हणजे स्पर्धा आहे हे खरे. पण गावातल्या सगळ्या सावकारांनी मिळून मजुरी पाडली, तर मजुरी पडणे हा निसर्गनियम आहे असे आपण म्हणत नाही. त्याविरुद्ध एकजूट करतो.

आता परिणाम पाहा. कंपनीकराची वसुली 2018-19 मध्ये 6.63 लाख कोटी होती, ती 2019-20 मध्ये 5.57 लाख कोटींवर आली. यात मंदीचाही वाटा आहे, सारा दोष कपातीवर टाकणार नाही. पुढे नफे वाढले तशी वसुलीही वाढली. पण ध्यानात घेण्याजोगी गोष्ट दुसरीच आहे. पूर्वी वर्षानुवर्षे कंपन्यांचा कर व्यक्तींच्या प्राप्तिकरापेक्षा अधिक असे. 2023-24 मध्ये कंपनीकर सुमारे 9.1 लाख कोटी आणि व्यक्तींचा प्राप्तिकर सुमारे 10.4 लाख कोटी असे पारडे फिरले. म्हणजे माझ्या त्या सहकाऱ्याला आपल्यावर बोजा वाढला असे वाटते, ते खरेच आहे. त्याचा राग खरा आहे, पत्ता तेवढा चुकला आहे. त्याच्या खांद्यावरचे ओझे शिष्यवृत्तीचे नाही. ते वरून खाली सरकवलेले ओझे आहे.

आणि शिष्यवृत्तीचेच माप घेऊ. अनुसूचित जातींच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीची योजना 1944 ची. डिसेंबर 2020 मध्ये केंद्र सरकारने पाच वर्षांसाठी तिला 59,048 कोटी मंजूर केले. त्यांतले 35,534 कोटी केंद्राचे, बाकी राज्यांचे. चार कोटींहून अधिक विद्यार्थ्यांसाठी, पाच वर्षांसाठी. कंपन्यांना एका वर्षात सोडलेली रक्कम या साऱ्या पाच वर्षांच्या रकमेच्या दुपटीहून अधिक आहे. केंद्राच्या वार्षिक वाट्याच्या तर ती वीसपट भरते. चार कोटी पोरे ‘लाभार्थी’, आणि वीसपट घेणारे ‘गुंतवणूकदार’! भाषा कोणाच्या बाजूने उभी आहे पाहा.

यात एक बारकावा कार्यकर्त्यांनी समजून घेतला पाहिजे. कंपनीकर हा राज्यांशी वाटून घ्यावा लागणारा कर आहे. त्या वाटपातला सुमारे दोन-पंचमांश हिस्सा राज्यांचा. उपकर मात्र वाटावा लागत नाही, तो सारा केंद्राचा. 2019 मध्ये वाटपातला कर कमी झाला. मे 2020 मध्ये, टाळेबंदीत मजूर रस्त्याने चालत असताना, पेट्रोलवर लिटरला 10 आणि डिझेलवर 13 रुपये वाढले, तेही मुख्यतः न वाटायच्या खात्यात. पुढे त्यांत कपात झाली, पण रचना तीच राहिली. शाळा, दवाखाने, वसतिगृहे राज्ये चालवितात. राज्याची थाळी रिकामी झाली की पहिला घास कोणाचा जातो, हे वसतिगृहात राहिलेल्याला सांगावे लागत नाही.

(4)

आतापर्यंत उत्पन्नाचे बोललो. पण विषमतेचे मूळ उत्पन्नात नाही, मालमत्तेत आहे. मार्च 2024 मध्ये पिकेटी व त्यांच्या सहकाऱ्यांनी भारताच्या शंभर वर्षांचा हिशेब मांडला. 2022-23 मध्ये वरच्या एक टक्का लोकांकडे देशाच्या उत्पन्नाचा 22.6 टक्के आणि संपत्तीचा 40.1 टक्के वाटा. आता हीच संपत्ती जातीच्या चाळणीतून पाहा. 2013 च्या राष्ट्रीय पाहणीवरून सुखदेव थोरात व त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखविले की, हिंदू उच्च जातींकडे सुमारे 41 टक्के संपत्ती आहे आणि त्यांची कुटुंबे आहेत सुमारे 22 टक्के. अनुसूचित जातींच्या वाट्याला आली 7.6 टक्के.

आणि या मालमत्तेवरचे कर एकामागून एक गेले. मृताच्या मालमत्तेवरचा कर 1953 मध्ये आला, 1985 मध्ये गेला. संपत्तीकर 1957 मध्ये आला, 2015 च्या अर्थसंकल्पाने गेला. बक्षीसकर 1958 चा, तो 1998 मध्ये गेला. कारण दरवेळी एकच: वसुली थोडी, कटकट फार. संपत्तीकराने 2013-14 मध्ये अवघे 1,008 कोटी दिले, हे खरे. पण का? 1992 च्या अर्थसंकल्पानेच शेअरसारखी मालमत्ता त्यातून वगळली होती. धनिकाचे धन जेथे असते तेच वगळायचे, आणि मग हाती काही लागत नाही म्हणायचे. आधी घागरीला भोके पाडायची, मग पाणी राहत नाही म्हणून घागर फेकायची, असा हा प्रकार झाला. संपत्तीकराच्या बदली कोटीवरच्या उत्पन्नावर अधिभार वाढविला हेही नमूद करतो. पण तो उत्पन्नावर आहे, साचलेल्या मालमत्तेवर नाही.

माझ्या मते आमच्या चळवळीने येथे थांबून विचार करायला हवा. जात म्हणजे शेवटी काय? वारसाहक्कच. विद्या वारशाने, जमीन वारशाने, झाडूही वारशाने. वारसाकर म्हणजे जन्माच्या योगायोगावर लोकशाहीने आकारलेला कर. तो 1985 मध्ये रद्द झाला तेव्हा आमची मंडळी नामांतराच्या लढ्यात होती. तो लढा न्याय्यच होता. पण जन्मजात श्रीमंती त्या वर्षी करमुक्त झाली, त्याविरुद्ध आमचा मोर्चा निघाल्याचे मला आठवत नाही. आमच्या राखीव जागेला ‘जन्मावर मिळालेली सवलत’ म्हणतात. खरी जन्मावर मिळालेली सवलत ही आहे.

(5)

शेवटी दोन शब्द आपल्या घरातले. दया पवारांचे ‘बलुतं’ 1978 मध्ये आले. ‘बलुतं’ हा शब्द मूळचा आर्थिक आहे. सेवेच्या बदल्यात खळ्यावर मिळणारा, देणाऱ्याने ठरविलेला वाटा. आमच्या समीक्षेने त्या पुस्तकातली वेदना वाचली, विद्रोह वाचला. शीर्षकातला हिशेब किती जणांनी वाचला? दलित आत्मकथनांत पानापानांवर मजुरी, उधारी, धान्याची मापे, फी न भरल्याने बुडालेले वर्ष आहे. आम्ही त्यांना दुःखाचे दस्तऐवज म्हणालो. ते अर्थव्यवस्थेचेही दस्तऐवज आहेत. माझ्यासारख्या मराठीच्या मास्तरांनी ते तसे शिकविले नाहीत, हा दोष मी पदरात घेतो. बाबासाहेबांचे अर्थशास्त्रीय ग्रंथ महाराष्ट्र शासनाने 1989 मध्ये सहाव्या खंडात छापले. माझ्या कपाटातल्या त्या खंडाची पाने कित्येक वर्षे एकमेकांना चिकटलेलीच होती.

तेव्हा एवढे तरी करता येईल. प्रत्येक वसतिगृहात, प्रत्येक अभ्यासवर्गात फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात अर्थसंकल्पाचे वाचन व्हावे आणि तीनच प्रश्न विचारावेत. या वर्षी कंपन्यांना किती सोडले? आमच्या पोरांच्या शिष्यवृत्तीला किती ठेवले आणि गेल्या वर्षीचे किती प्रत्यक्ष पोचले? आणि वारशाने येणाऱ्या मोठ्या मालमत्तेवर या देशात पुन्हा कर कधी बसणार? हे आकडे सरकारच्याच कागदांत असतात. मी ते पन्नाशी उलटल्यावर वाचायला शिकलो. विशीतल्या पोरांना त्याला एक हिवाळा पुरेल.

माझे ते सहकारी निवृत्त झाले. अधूनमधून भेटतात, चहा होतो. मागल्या भेटीत मी त्यांना म्हटले, “सर, त्या वर्षी तुम्ही विचारले होते, उशीर झाला तर बिघडले कोठे? त्या गठ्ठ्यातली एक पोरगी परीक्षेला बसली नाही. फीवाचून नाव अडले होते. तिची आई धुणीभांडी करायची. वर्षाला किती साबण लागतो, याचा आपण कधी हिशेब केला नाही. करदाती तीही होती.” ते बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, “त्या मुलीचे नाव काय हो?”

मला ते आठवेना. आम्हीही ते कोठे लिहून ठेवले नव्हते.